योगायोग नव्हे, मोजमाप: ॲग्नेस पॉकेल्स यांची पन्हळ

जर्मनीतील ब्राउनश्वाइग शहरात एक तरुणी रोज घरची भांडी घासत असे. खरकट्या पाण्यावर पसरणारा तेलकट तवंग तिने पाहिला आणि विज्ञानाला एक शोध लाभला! ॲग्नेस पॉकेल्स (१८६२–१९३५) यांची गोष्ट बहुधा एवढ्यातच आटोपते. गोष्ट गोड आहे; मात्र ती त्यांच्यावर अन्याय करणारी आहे.

तवंग तर सर्वांनीच पाहिला होता. भांडी घासणाऱ्या हातांची जगात कधीच वानवा नव्हती. पॉकेल्स यांनी पाहिल्यानंतर काय केले, हा खरा प्रश्न आहे.

त्यांनी पाण्याचा पृष्ठभाग मोजायला घेतला. १८८२ च्या सुमारास, अवघ्या विशीत, त्यांनी पत्र्याची एक उथळ पन्हळ योजली: ७० सेंटिमीटर लांब, ५ रुंद, २ उंच. ती पाण्याने काठोकाठ भरायची आणि तिच्यावर दीड सेंटिमीटर रुंदीची पट्टी आडवी टेकवायची. पट्टी सरकवली की एका बाजूचा पृष्ठभाग आक्रसतो, दुसऱ्या बाजूचा पसरतो. दुधावरची साय पळीने बाजूला सारावी, तसा पाण्यावरचा न दिसणारा मळही या पट्टीने सारता येई. म्हणजे प्रयोगाचा आरंभ स्वच्छ पृष्ठभागापासून करता येई. मग पाण्याला टेकलेली ६ मिलिमीटर व्यासाची चकती वर उचलण्यास किती जोर लागतो, हे हलक्या तराजूने पाहायचे. तो जोर म्हणजे पृष्ठताणाचे माप.

यात योगायोग कुठे आहे? मळलेला पृष्ठभाग आक्रसत नेला तर एका मर्यादेपर्यंत ताण जवळजवळ तसाच राहतो आणि ती ओलांडताच झपाट्याने उतरतो, हा निष्कर्ष भांडी घासता घासता हाती लागत नाही. त्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलून पुनःपुन्हा मोजावे लागते.

‘स्वयंपाकघर हीच प्रयोगशाळा’ हे कौतुकही जपूनच करावे. विद्यापीठाचे दार तेव्हा तेथील मुलींना बंद होते. धाकटा भाऊ फ्रिडरिश ग्योटिंगेनला भौतिकशास्त्र शिकला. बहीण घरी राहिली, आजारी आईवडिलांची शुश्रूषा करीत राहिली आणि भावाकडून येणारी पुस्तके वाचत राहिली. स्वयंपाकघर ही त्यांची निवड नव्हती, नाइलाज होता.

जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी लॉर्ड रेले यांना जर्मन भाषेत पत्र लिहिले. रेले स्वतः याच विषयावर काम करीत होते. पत्र टेबलाच्या खणात पडून राहिले असते तरी कोणाला कळले नसते. त्यांनी मात्र पत्नीने केलेले इंग्रजी भाषांतर ‘नेचर’कडे धाडले आणि ते १२ मार्च १८९१ च्या अंकात छापून आले. रेले यांचा हा मोठेपणा निर्विवाद आहे. सोबतच्या टिपणात त्यांनी या जर्मन बाईंच्या साध्या घरगुती साधनांचा आणि मोलाच्या निष्कर्षांचा, असा दोन्हींचा उल्लेख केला होता. लोकांच्या स्मरणात साधने राहिली.

पुढे अमेरिकेत अर्विंग लँगम्यूर यांनी याच जातीचे सुधारित उपकरण वापरले आणि १९३२ मध्ये पृष्ठभागांच्या रसायनासाठी त्यांना नोबेल मिळाले. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने सत्तरीतल्या पॉकेल्स यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ती पन्हळ आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. तिला बहुधा लँगम्यूर आणि ब्लॉजेट यांच्या नावाने ओळखतात.