दम न धरण्याची विद्या

‘दम धर’ हा आमच्या घराण्यातला सर्वांत जुना उपदेश. आजीने वडिलांना केला, वडिलांनी मला आणि मी आमच्या कन्येला. परवा तिने तो मला साभार परत केला.

झाले असे, की पाणबुड्याचा नवा सरंजाम घेऊन ती तारकर्लीच्या समुद्रात उतरायला निघाली होती. “आधी पोहण्याच्या तलावात तपासून बघ,” असे मी म्हटले, ते केवळ चार दिवस लांबावे म्हणून. पण सल्ला शास्त्रशुद्ध निघाला!

आदल्या रात्री तिने मुखवट्याची नवी काच टूथपेस्टने घासली. कारखान्यातला थर राहिला तर म्हणे काच धुरकटते. सौभाग्यवतींनी नव्या ट्यूबबद्दल हळहळ व्यक्त केली.

तोंडात धरायच्या झडपेची कथा मोठी गमतीची आहे. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि इंजिनिअर गान्यां यांनी ती तयार केली. मूळ झडप मोटार गॅसवर चालवण्यासाठी केलेली! मार्न नदीतली पहिली चाचणी फसली. उभे राहिले की हवा फुकट वाहून जाई, डोके खाली केले की श्वास ओढवेना. हवा येण्याची आणि जाण्याची तोंडे वरखाली होती. ती शेजारी आणली, पॅरिसच्या एका टाकीत पुन्हा पाहिले, आणि जमले. म्हणजे तिथेही समुद्राआधी टाकीच!

शिक्षकांसोबत कन्या तळाशी गेली. मी काठावर बसून बुडबुडे मोजू लागलो. मध्येच ते थांबले आणि माझाही श्वास थांबला! श्वास आत घेताना बुडबुडे येत नाहीत, हे मला कोणी सांगितले होते?

वर आल्यावर ती हसून म्हणाली, “बाबा, दम काय धरलात? पाण्याखाली तेवढेच करायचे नसते. वर येताना हवा फुगते; दहा मीटरवरची वर दुप्पट होते. श्वास कोंडला तर तलावातसुद्धा फुप्फुसाला इजा होते.”

जन्मभर मराठी शिकवली, पण या वाक्प्रचाराचा हा अर्थ मला ठाऊक नव्हता.

काल तिला मालवणच्या एस.टी.त बसवली. ‘दम धर’ अगदी ओठांवर आले होते. ते गिळले, श्वास मोकळा सोडला आणि एवढेच म्हणालो, “पोचलीस की कळव.”