श्वासाची शिस्त

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली म्हणजे ती दुधासारखी पांढरी होते, हा प्रयोग आपण प्रयोगशाळेत केलेला आहे. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड चुन्याशी संयोग पावतो, त्याचा हा परिणाम. याच साध्या क्रियेवर पाणबुड्यांचे एक यंत्र चालते. त्यास 'रिब्रीदर' म्हणतात.

उच्छ्वासात सुमारे १६ टक्के प्राणवायू शिल्लक असतो. तो बुडबुड्यांवाटे वाया न दवडता पुन्हा श्वासास घ्यावा, ही यामागील कल्पना. इंग्लंडमधील हेन्री फ्लूस यांनी १८७८ साली असे यंत्र सिद्ध केले. आजच्या यंत्रात उच्छ्वास सोडा लाइमच्या कणांनी भरलेल्या डब्यातून फिरविला जातो. तेथे कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, आणि खर्च झालेल्या प्राणवायूची भर बाहेरून घातली जाते.

परंतु चुन्याची ही शक्ती अमर्याद नाही. पाणी थंड असेल, श्रम अधिक होत असतील, किंवा कण नीट ठासून भरलेले नसतील, तर डबा अपेक्षेपूर्वीच निकामी होतो. मग वायू साचू लागतो. धाप लागते, डोके दुखते, आणि अखेरीस बुद्धीच भ्रमित होते. ज्या बुद्धीने संकट ओळखावयाचे, तिलाच संकट प्रथम ग्रासते! म्हणूनच जाणता पाणबुड्या 'अजून बरे वाटते आहे' या भावनेवर विसंबत नाही. डबा किती वेळ वापरावयाचा हे तो पाण्यात उतरण्यापूर्वीच ठरवितो, आणि मुदत संपताच चुना फेकून देतो. चुना स्वस्त आहे, प्राण नव्हे.

आपल्या इंदूरच्या मुलांना समुद्र दूर आहे. पण विहीर दूर नाही. ३ एप्रिल २०२५ रोजी खंडवा जिल्ह्यातील कोंडावत गावी गणगौर विसर्जनासाठी विहिरीतील गाळ काढताना आठ ग्रामस्थ विषारी वायूने मृत्युमुखी पडले. आत कोसळलेल्यांना वाचविण्यासाठी दुसरे उतरले आणि तेही परतले नाहीत. त्यांच्या धैर्याविषयी कोण शंका घेईल? परंतु वायू धैर्य पाहत नाही.

कोणी म्हणेल, डोळ्यांदेखत माणूस बुडत असता काठावर स्वस्थ कसे उभे राहावे? स्वस्थ राहावे असे मी म्हणत नाही. तत्काळ ११२ क्रमांकावर कळवावे, आत ताजी हवा सोडण्याची सोय असल्यास ती सोडावी, शुद्धीवर असलेल्यास वरूनच दोर द्यावा. मात्र हवेची तपासणी झाल्याशिवाय आणि श्वसनयंत्र असल्याशिवाय कोणीही खाली उतरू नये. जुन्या रीतीप्रमाणे दिवा सोडून पाहणेही भरवशाचे नाही. ज्वालाग्राही वायू असल्यास स्फोट होईल, आणि काही विषारी वायूंत दिवा विझतही नाही.

आपण शाळांतून शौर्याच्या गोष्टी सांगतो, ते योग्यच आहे. परंतु थांबण्याचे धैर्यही त्याच गोष्टींत सांगितले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. नियम हा भित्र्यांसाठी केलेला नसतो. शांत डोक्याने केलेला तो निर्णय असतो, आणि डोके शांत राहणार नाही अशा घटकेसाठी तो राखून ठेवलेला असतो. पुढच्या वेळी निवळी पांढरी होताना पाहाल, तेव्हा हे ध्यानात असू द्यावे.