विषमज्वर आणि जुनी मोटार

आयुर्वेदात विषमज्वर म्हणून एक ताप वर्णिलेला आहे. तो कोणास रोज ठरावीक वेळी, कोणास एक दिवसाआड, तर कोणास दोन दिवस सोडून येतो. वैद्यबुवा दारी यावेत, तो रोग्याचे अंग गार! जुन्या मोटारीच्या इंजिनातील बिघाड पुष्कळदा याच जातीचा असतो; आणि त्यापायी कुटुंबास होणारा मनस्ताप व खर्च पाहता या विषयाची थोडी चर्चा आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

शिरूर येथील एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. मोटार पेट्रोलची, सतरा वर्षे वापरलेली. न्हावऱ्यावरून दौंड स्टेशनावर पाहुण्यांस आणावयास निघाले की वैशाखातील दुपारी ती वाटेत एकाएकी बंद पडे, आणि अर्ध्यापाऊण तासाने निमूटपणे चालू होई. गॅरेजात मात्र ती सर्वथा निर्दोष! मिस्त्रीने अंदाजाने प्लग बदलले, पुढे पेट्रोलचा पंप बदलला, रोग कायम. घरात दोन पक्ष पडले. एकाच्या मते मोटार मोडीत काढावी, दुसऱ्याच्या मते मिस्त्रीच लबाड. इकडे मागून उसाचे ट्रक येत असता भर रस्त्यात मोटार थांबणे, तेही आत वृद्ध मातोश्री बसलेल्या असता, हा काही पोरखेळ नव्हे.

आपल्या वैद्यकाने रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत : निदान म्हणजे कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. त्या घरच्या सूनबाईंनी नकळत हाच मार्ग धरला. मोटार बंद पडली की वेळ, किती किलोमीटर चालली, ऊन की पाऊस, खड्डा लागला काय, कोणता दिवा लागला, हे सारे त्या वहीत टिपू लागल्या. महिन्याभरात दिसून आले की बिघाड नेहमी इंजिन पुरते तापल्यावरच होतो. पहाटे किंवा पावसात कधीही नाही. शिवाय स्टार्टर फिरत असताही इंजिनाचे फेरे दाखविणारा काटा शून्यावरच राही.

ही वही हाती पडताच मिस्त्रीचा रोख क्रँक सेन्सरकडे वळला. इंजिनाचा मुख्य दांडा कोठवर फिरला हे हा संवेदक नियंत्रक संगणकास कळवितो. ती वर्दी थांबली की संगणक ठिणगी व इंधन दोन्ही थांबवितो. पुष्कळ जुन्या मोटारींत या संवेदकात बारीक तारेचे वेटोळे असते. तारेस सूक्ष्म भेग पडली, तर उष्णतेने ती उघडते व गार होताच पुन्हा जुळते. मिस्त्रीने मोटार मुद्दाम तापवून बंद पडू दिली व मल्टिमीटर लावला : तारेचे सातत्य तुटलेले! ओले फडके ठेवून संवेदक गार केला, इंजिन चालू झाले. हा उपशय. वायर व कप्लर हलवून पाहिले, काही फरक नाही. हा व्यतिरेक. एक सुटा भाग बदलला आणि ज्वर उतरला.

यातून सामान्य नियम असा निघतो. पावसात होणारा बिघाड ओलावलेल्या कप्लरात शोधावा, खड्ड्यागणिक होणारा सैल वायरीत अथवा गंजलेल्या अर्थिंगमध्ये, आणि उन्हातला संवेदक, रिले किंवा पंपात. स्कॅनरवरचा कोड कोणत्या मंडलाने तक्रार केली एवढेच सांगतो. अपराधी भाग तोच, असे त्यावरून सिद्ध होत नाही. कित्येकदा तर कोड उमटतही नाही.

चालत्या मोटारीचे इंजिन थांबले, तर स्टिअरिंग जड होते व ब्रेकचे साहाय्य एकदोन दाबांपुरतेच उरते. म्हणून चालकाने ब्रेक पुन्हापुन्हा न दाबता, एकाच दाबात मोटार कडेला घेऊन चारही इशारादिवे लावावेत आणि मंडळींस रस्त्यापासून दूर उभे करावे. वहीतली नोंद त्यानंतर.

मिस्त्रीस दोष देण्यापूर्वी रोग्याचा वृत्तांत त्यास नीट सांगितला काय, एवढे प्रत्येक गृहस्थाने स्वतःस विचारावे.