सुधारलेली जुनी गाडी : मोल कशाचे?

जुन्या मोटारींच्या शौकिनांत एक मत रूढ आहे, ते असे की, कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली गाडी तेवढी अस्सल. जिच्यात पुढे कोणी फेरफार केला ती हिणकस. आम्हांस हे मत सरसकट मान्य नाही. मालाची पारख मालावरून करावी, केवळ छापावरून नव्हे, हा व्यापारातील जुना दंडक येथेही लागू पडतो.

इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे 1962 ते 1980 या काळात तयार झालेली एमजीबी ही गाडी उदाहरणादाखल घेऊ. तिचे मूळ इंजिन चार सिलिंडरांचे, 1798 सी.सी.चे. 1970 च्या सुमारास केन कॉस्टेलो या गृहस्थांनी तीत रोव्हरचे आठ सिलिंडरांचे ॲल्युमिनियमचे इंजिन बसवून गाड्या विकण्यास आरंभ केला आणि 1973 साली खुद्द कारखान्यानेच तो मार्ग धरला. तेव्हा फेरफार म्हणजे बिघाड, हे समीकरण टिकत नाही.

तथापि वाटेल तो फेरफार चांगला, असेही नव्हे. इंजिनाची शक्ती वाढवून ब्रेक जुनेच ठेवले, तर तो स्वतःच्या व इतरांच्या जिवाशी खेळ होय. कारखान्याने आपल्या आठ सिलिंडरी गाडीस ब्रेकही अधिक भक्कम दिले होते. शिवाय या गाडीस निराळी चॅसी नाही. तिचे बळ दारांखालील पोकळ पत्र्यांत असते. तेथे लोहचुंबक फिरवावा. तो धरीनासा झाला की रंगाखाली पुट्टी आहे असे समजावे. जॅकवर गाडी उचलताच दाराची फट कमीजास्त झाली, तर सौदा तेथेच थांबवावा. चकचकीत इंजिनाने गंजलेला सांगाडा सावरत नाही.

आपल्या देशात कायद्याचीही बाजू पाहावी लागते. 2021 सालच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. परंतु ती मूळ स्वरूपात हवी, चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. म्हणून नोंदणीपुस्तकातील इंजिन क्रमांक प्रत्यक्षाशी ताडून पाहिल्यावाचून बयाणा देऊ नये. तसेच मूळ इंजिन व काढलेले सुटे भाग सोबत मिळतात की नाही, हेही विचारावे. जो फेरफार पुन्हा उलटविता येतो, त्याने मुद्दलास धक्का लागत नाही.

गाडी घेतल्यावर तिची स्वतंत्र वही ठेवावी. कोणता भाग केव्हा बदलला, तेल केव्हा घातले, पुढील चाकांच्या खिळींस ग्रीस केव्हा दिले, हे तारीखवार लिहावे. मूळ गाडीची माहितीपुस्तिका बाजारात मिळते. पण फेरफार केलेल्या गाडीची पुस्तिका तिच्या धन्यासच लिहावी लागते. ती नसेल, तर पुढे मुलाबाळांच्या हाती गाडी येईल, परंतु ती चालवावी कशी आणि दुरुस्त करावी कशी, हे त्यांस कोण सांगणार? आमचे मते, अशा गाडीच्या किमतीतील मोठा वाटा त्या वहीचाच होय.