स्मार्ट सिटीची उद्घाटने संपली, आता देखभालीच्या ठेक्यांवर नजर कोणाची?

केंद्र सरकारची स्मार्ट सिटी योजना 31 मार्च 2025 रोजी संपली. जानेवारी 2016 मध्ये निवडलेल्या पहिल्या 20 शहरांत बेळगाव होते. पुणे, सोलापूर आणि इंदूरही त्याच यादीतले. पणजी, ग्वाल्हेर आणि वडोदरा त्याच वर्षी पुढच्या याद्यांत आले. रस्ते, दिवे, कॅमेरे, कमांड सेंटर झाले, फिती कापून झाल्या. खरा हिशोब आता सुरू होतो.

योजनेत प्रत्येक शहराला केंद्राकडून पाच वर्षांत 500 कोटींपर्यंत आणि तेवढाच वाटा राज्य व पालिकेकडून, असे गणित होते. तो भांडवली खर्च. कॅमेऱ्यांची दुरुस्ती, सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क, दिव्यांची देखभाल हा महसुली खर्च. तो दरवर्षी येणार. योजना संपल्यावर त्याचा भार शेवटी घरपट्टी भरणाऱ्यावरच येतो. म्हणून देखभालीचे टेंडर कसे निघते आणि त्यात खरी स्पर्धा होते का, हा केवळ ठेकेदारांचा प्रश्न राहत नाही.

यासाठी देशात स्पर्धा कायदा 2002 आहे आणि त्याची अंमलबजावणी भारतीय स्पर्धा आयोग करतो. ठेकेदारांनी आपसात ठरवून टेंडर भरणे, ज्याला बोली भाषेत 'रिंग करणे' म्हणतात, ते या कायद्याच्या कलम 3 नुसार बेकायदा आहे. दंडही किरकोळ नाही. संगनमत जितकी वर्षे चालले त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत, यांपैकी जो आकडा मोठा असेल तिथपर्यंत दंड होऊ शकतो.

हे सगळे कागदावरच राहते असे नाही. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या टेंडरमध्ये रिंग झाल्याची तक्रार एका नागरिक संघटनेने आयोगाकडे नेली होती. ठेका कोणी घ्यायचा हे आधीच ठरले होते; बाकीच्यांनी संख्या भरण्यासाठी टेंडर टाकले होते. मे 2018 मध्ये आयोगाने संबंधित कंपन्यांना दंड ठोठावला. काहींनी स्वतःहून माहिती दिली, त्यांना कायद्यातील तरतुदीनुसार सवलत मिळाली. तक्रार ना पालिकेने केली होती, ना राज्य सरकारने. ती नागरिकांनी केली, ही यातली मोठी गोष्ट.

पण या कायद्याच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. सगळ्यांचे दर सारखे आले म्हणजे रिंग झालीच, असे म्हणता येत नाही. गॅस सिलिंडर बनवणाऱ्या कंपन्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये आयोगाचा दंड रद्द केला. खरेदीदार मोजकेच असतील आणि बाजाराची रचनाच तशी असेल, तर नुसते सारखे दर हा पुरेसा पुरावा नाही, असा त्याचा अर्थ. एकच पत्ता, एकाच खात्यातून भरलेली अनामत, टेंडरच्या कागदांतील त्याच त्या चुका, हरलेल्याला मिळालेले पोटकंत्राट अशा गोष्टींची जोड लागते.

दुसरी मर्यादा जास्त अडचणीची आहे. टेंडरच्या अटीच एखाद्या कंपनीच्या मापाने शिवल्या असतील तर? अशा तक्रारींत आयोगाची भूमिका सहसा एकच राहिली आहे: खरेदी करणारा हा ग्राहक असतो आणि आपल्याला काय हवे ते ठरवण्याचा हक्क त्याला आहे. म्हणजे ठेकेदारांचे संगनमत आयोग पकडेल, पण साहेबांनी घातलेली अट बहुधा नाही. त्यासाठी दाद मागायची ती कर्नाटकात 1999 च्या सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायद्याखाली किंवा उच्च न्यायालयात, तीही वेळेत.

कमांड सेंटरसारख्या कामात तर हा धोका दुप्पट होतो. यंत्रणा ज्या कंपनीने बसवली तिचेच सॉफ्टवेअर, तिचेच सुटे भाग. पाच वर्षांनी नवे टेंडर निघाले तरी दुसरा कोणी भरणार कसा? मोटारींच्या सुट्या भागांबाबत आयोगाने 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना सुमारे 2,544 कोटींचा दंड केला, तेव्हा मुद्दा असाच होता: गाडी एकदा घेतली की गिऱ्हाईक त्याच कंपनीच्या भागांत अडकते. शहराचे तसे होऊ नये याची काळजी टेंडर काढतानाच घ्यावी लागते. डेटा पालिकेच्या मालकीचा, यंत्रणा दुसऱ्या कंपनीच्या उपकरणांशी जुळणारी, ठेका संपल्यावर सगळे पासवर्ड आणि कागदपत्रे परत, या तीन अटी करारात आहेत का, हे नगरसेवकांनी सभागृहात विचारायला हवे.

वेळेचाही प्रश्न आहे. 2023 च्या दुरुस्तीनंतर आयोगाकडे तक्रार करण्यास तीन वर्षांची मुदत आहे. उशिराचे सबळ कारण दिले तरच ती शिथिल होते. योजनेच्या सुरुवातीच्या टेंडरवर आता बोट ठेवणे त्यामुळे अवघड झाले आहे. देखभालीचे ठेके मात्र अजून निघायचे आहेत किंवा नुकतेच निघाले आहेत. किती जणांनी टेंडर भरले, किती अपात्र ठरले आणि का, हे तीन आकडे माहिती अधिकारात मागता येतात. मुदत संपायच्या आत ते मागितले, तरच पुढे तक्रारीला जागा राहील.