पत्रावळीच बऱ्या

माझी आजी पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावते. पानाला पान जोडून बारीक काडीने टाचत जायचे, की झाली पत्रावळ! पूर्वी गावच्या पंगतीला घरोघरी लावलेल्या पत्रावळ्या असायच्या. जेवणे झाली की उकिरड्यावर टाकायच्या, त्यांचे खत व्हायचे. घासायला पाणीसुद्धा लागत नसे.

आता सप्त्याला थर्माकोलच्या ताटल्या आणतात. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली त्यांवर बंदी घातली, तरी आणतात. त्या कुजत नाहीत. उष्ट्याच्या वासाने गुरे त्या खातात. मग पोट फुगते, आणि बिचाऱ्यांना सांगताही येत नाही.

मोठी माणसे म्हणतात, पत्रावळीतून आमटी गळते. अहो, मग आमटी द्रोणात घ्या की! येत्या सप्त्याला पत्रावळ्याच असाव्यात असे मला वाटते. पाने आम्ही मुले आणू. टाचायला आजी शिकवणार आहे.