मजुरी स्वस्त, मग रोजगार कुठंय?

मालकवर्गाचे पंडित एकच पाढा म्हणतायत : मागास भागात मजुरी कमी ठेवा, कारखाने धावत येतील, पोरांना कामं लागतील. मी विचारतो, मग बीडात का नाही धावले? तिथं मजुरी पिढ्यान्‌पिढ्या स्वस्तच. कारखाने राहिले बाजूला, माणसंच मुकादमाची उचल फेडायला कोयता नि लेकरं घेऊन सांगली-कोल्हापूरच्या फडात गेली. भांडवल पाणी, वीज, रस्ता, बंदर बघतं आणि चाकणला नाहीतर ठाणे-बेलापूरला जाऊन बसतं.

कधी कधी काम स्वस्त मजुरीच्या मागं जातं, हेही खरं. मुंबईच्या गिरण्यांचं कापड भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर गेलं. १९८२ च्या संपाआधीच जायला लागलं होतं. पण याला रोजगार वाढला म्हणायचं? तो नुसता सरकला. गिरणीत मस्टर होतं, फंड होता, युनियन होती. मागावर बारा-बारा तासांची पाळी आणि विणाल तेवढ्याचे पैसे. आणि त्या गिरणीतही चांगल्या पगाराच्या साचेखात्यात अस्पृश्याला बंदी होती. का, तर धागा तोंडानं ओढावा लागतो, विटाळ होतो! तेव्हा मजुरीचा दर निव्वळ बाजार ठरवतो, हे आम्हाला कुणी शिकवू नये.

मजुरी वाढली की नोकऱ्या मरतात, ही दुसरी भीती. १९९२ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यानं किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियानं केलं नाही. कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडची फास्ट-फूडची हॉटेलं तपासली. न्यू जर्सीत नोकऱ्या घटलेल्या दिसल्या नाहीत. याच कार्डना २०२१ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मजूरमंत्री असताना १९४६ साली बाबासाहेबांनी किमान वेतनाचं विधेयक मांडलं. १९४८ ला कायदा झाला. पण दर राज्यागणिक, परिमंडळागणिक वेगळे. मनरेगाची २०२५-२६ ची रोजची मजुरी बघा : हरयाणात ४००, महाराष्ट्रात ३१२, मध्य प्रदेशात २६१ रुपये. २०१९ साली केंद्रानं अख्ख्या देशासाठी किमान पातळी सांगितली ती १७८ रुपये, आणि तीही बंधनकारक नव्हती!

एकट्या जिल्ह्यानं दर वाढवला की मालक शेजारचा जिल्हा दाखवून धमकावतो. म्हणून मागणी देशभराची हवी : माणसाला जगवील असा एक पायाभूत दर, त्याच्या खाली कुठंच कुणी नाही. आणि मागास भागाला सवलत द्यायचीच तर पाण्याची, रस्त्याची, शाळेची द्या. आमच्या घामावर सूट देऊ नका.